शेवंताच्या रानातला खडक कोण दाबतंय

सुरुवातीलाच कबूल करून टाकते, म्हणजे पुढं लिहायला मोकळी. निलंग्याच्या शाळेत भूगोल शिकवत असताना मी सहावीतल्या एका मुलीचे दोन गुण कापले होते. प्रश्न होता, 'दख्खनच्या पठाराची वैशिष्ट्ये लिहा.' तिनं चार ओळी पुस्तकातल्या लिहिल्या आणि पाचवी आपल्या मनची: 'आमच्या गावात कधीकधी जमीन गुरगुरते आणि फळीवरची भांडी वाजतात.' मी लाल शाईनं ती ओळ खोडली आणि शेजारी लिहिलं, 'कल्पनाविलास नको.' एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण नाही! दुसऱ्या दिवशी वर्गात टेबलावर हात आपटून सांगितलं, "मुलींनो, आपलं पठार म्हणजे बसलेला हत्ती. हिमालय हलेल, जपान हलेल, आपण हलणार नाही."

तेव्हा मी पस्तिशीची, सासर नांदेडचं पण नोकरीपायी माहेरी निलंग्यातच राहणारी. कडक इस्त्रीची सुती साडी, पिनेनं टाचलेला पदर आणि पृथ्वी माझ्याच परवानगीनं फिरते असा चेहरा. वर्षभरात काय झालं ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या पहाटे मी अंगणात उभी होते, एका हातात उशी आणि दुसऱ्या हातात गजराचं घड्याळ, आणि हत्ती माझ्या पायाखालून उठला होता. घड्याळ का उचललं हे आजवर कळलेलं नाही. ती मुलगी वाचली, शिकली, आज पुण्यात तिचं छान चाललंय. भेटली की वाकून नमस्कार करते आणि गुणांचा विषय काढत नाही. हा तिचा मोठेपणा. माझा हिशेब मात्र तसाच राहिला: तीस-पस्तीस वर्षं जमिनीबद्दल बोलले, पण तिच्या आत काय चाललंय ते एकदाही पाहिलं नाही.

म्हणून माझी नात ऋतुजा जेव्हा म्हणाली, "आज्जी, शिरूर अनंतपाळजवळ एका खोल बोअरचं काम आहे, तीन दिवस चालले," तेव्हा तिचं वाक्य संपायच्या आत मी पिशवी काढली.

नांदेड ते उदगीर

ऋतू काय करते हे मी शेजारणींना बरीच वर्षं चुकीचं सांगत आले. "तेलकंपनीत आहे," म्हटलं की त्यांना वाटायचं गोडेतेल. खरं काम असं: जमिनीतून तेल काढायला जे कोस-कोस खोल भोक पाडतात, त्याच्या आत ती एक यंत्र सोडते. ते यंत्र गोल फिरत भिंतीवर आवाज टाकतं, परतून आलेला आवाज ऐकतं आणि त्यावरून भिंतीचं चित्र काढतं. त्या चित्रावरून ऋतू सांगते, खालचा खडक कुठल्या बाजूनं दाबला जातोय आणि साधारण किती. हे कळलं नाही तर भोक आतल्या आत ढासळतं आणि लाखमोलाची हत्यारं खालीच राहतात. आता तिच्या संस्थेनं तीच विद्या तेलाशिवाय वापरायची ठरवली होती. आपल्या भागात जमीन का हलली, खाली दाब कुठला, हे बघायला लातूर जिल्ह्यातल्या एका रानात भोक पाडून तयार होतं.

आम्ही सकाळी निघालो. कंधार मागे पडलं, रान काळं होत गेलं. तूर काढणीला आलेली, हरभरा घाट्यांवर आलेला, ज्वारी पोटऱ्यात. उदगीरला चहाला थांबलो तेव्हा यंत्राची गाडी चालवणारे सलीमभाई तिथंच भेटले. ते मूळचे उदगीरचेच, पन्नाशी उलटलेले, मेंदी लावलेली दाढी. यंत्र तारेनं खाली सोडायचं आणि वर ओढायचं हे त्यांचं काम, आणि त्या कामात त्यांचा हात इतका हलका की ऋतू म्हणते, सलीमभाईंना तारेतून खडकाची नाडी लागते.

त्यांनी मला पाहिलं, माझी पिशवी पाहिली. "अम्मा भी आ रहे क्या साइटपे?"

"का? मला बंदी आहे का?"

"तौबा! बंदी कैची? पण उद्या येळवस हाय, मालूम हाय ना? कुणी कामावर यायचं न्हाई."

ऋतूनं माझ्याकडे पाहिलं. मी हळूच हसले, कारण हे मला ठाऊक होतं आणि मी तिला मुद्दाम सांगितलं नव्हतं. नांदेडला राहून येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, हा माझा दरवर्षीचा रुसवा असतो. लातूरकडं त्या अमावास्येला गावं रिकामी होतात, दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, सगळं माणूस रानात जेवायला. आणि नांदेडला मी त्याच दिवशी वरणभात लावते. लग्न होऊन गेले तेव्हा सासूबाईंना म्हटलं होतं, "अमावास्येला रानात जायचं ना?" त्या म्हणाल्या, "कशाला, काही पुरायचंय का?"

ऋतूच्या कपाळाला आठी. घाई खरीच होती. भोक पाडणारी टोळी काम संपवून निघायच्या बेतात होती, आणि एका खोलीवर भिंतीचे दगड सुटून पडायला लागले होते. दोन दिवसांत चित्र घेतलं नाही तर भोक आतून बुजणार. मग पुन्हा पाडायला ना वेळ, ना मंजुरी.

शिरूर अनंतपाळच्या अलीकडं

ज्या रानात भोक होतं ते शेवंताचं. चाळिशीची, उंच, कपाळ कोरं, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. नवरा गेलेला, मुलगा हैदराबादला नोकरीला, तीन एकर ती एकटी कसते. पत्र्याच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली चार्जरला लावलेला मोबाईल.

"जय भीम मावशी, या. पाय धुवा. चुलीवर भाकरी हाय."

इथं पुन्हा माझ्या तरुणपणाला दोन शब्द ऐकवायला हवेत. निलंग्यातलं आमचं माहेरचं घर लिंगायत व्यापाऱ्याचं, गळ्यात लिंग, दारात रांगोळी. शाळेची सहल कुणाच्या रानात गेली की मी माझा डबा वेगळा न्यायची आणि सांगायची, "माझं पोट नाजूक आहे." पोट नव्हतं नाजूक, अक्कल नाजूक होती. शेवंताच्या भाकरीवर वांग्याची भाजी घेताना मला त्या नाजूक पोटाच्या बाईची कीव आली. किती जेवणं हुकली तिची! ज्वारीची ती भाकरी पातळ, पापुद्रा सुटलेली, वर जवसाची चटणी. मी तीन खाल्ल्या. आभार मानायला गेले तर शेवंता म्हणाली, "आबार काय मानता, चौथी घ्या."

जेवताना तिनं आपणहून सांगितलं. भूकंपाच्या वेळी ती नऊ वर्षांची. गाव इथून दोन-तीन तासांवर. दगडमातीचं घर, जाड भिंती. "आई आत हुती. मी अंगनात हुते." एवढं सांगून तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग मामानं इकडं आणलं, इकडंच लग्न झालं.

"संस्थेची मानसं जागा बघत आली तवा कुनी रान देईना," ती म्हणाली. "मी म्हनलं, माझ्या बांदाचा कोपरा घ्या. अट येकच. आत जे दिसल ते पयलं मला सांगायचं. कुटून आलं हुतं ते. लोकं तर काईबी सांगत्यात. कुनी म्हनतं नदीनं केलं, कुनी म्हनतं पाप झालं. मला बघून सांगनारं मानूस पायजे."

ऋतूनं शब्द दिला. आणि मला कळलं की ही पोरगी नुसतं चित्र काढायला आलेली नाही, कुणीतरी तिची वाट बघत बसलंय.

ऋतूला समजावून सांगायची हौस. तिनं परातीतला पिठाचा गोळा घेतला, मधे बोट घालून भोक पाडलं आणि दोन तळव्यांनी दोन बाजूंनी दाबलं. ज्वारीचं पीठ, त्याला कुठला चिवटपणा? भोक लांबट झालं आणि त्याच्या दोन टोकांना पीठ भुसभुशीत होऊन गळलं. "बघा ताई, मी इकडून आणि इकडून दाबलं. पण पीठ सुटलं कुठं? दाबाच्या आडव्या बाजूला. खडकातही तसंच. भोकाच्या ज्या दोन बाजूंच्या कपच्या उडाल्यात त्या मला चित्रात दिसणार. मग दाब त्याला आडवा, हे नक्की. कपच्या किती रुंद उडाल्या आणि खडक किती ताकदीचा हे जुळवलं, तर दाब किती त्याचाही अंदाज बांधता येतो."

शेवंतानं गोळा हातात घेतला, स्वतः दाबून पाहिला, वळवून पुन्हा दाबला. मग त्याची भाकरी थापली. "समजलं," म्हणाली. तीस वर्षांत माझ्या वर्गात इतक्या लवकर कुणाला काही समजल्याचं मला आठवत नाही.

भोकाजवळ गेलो. तोंड बघून माझी निराशाच झाली. ताटलीएवढं, वर लोखंडी झाकण. खाली म्हणे तीनेकशे मीटर आपला काळा दगड आणि त्याच्याखाली वेगळाच, करडा-गुलाबी, काळ्या दगडापेक्षा कितीतरी जुना. बांधावर बघे जमले होते. ऋतू तेलविहिरीवरून आलीय ही बातमी तिच्याआधी पोचलेली.

"शेवंता, लागलं का तेल?"

"लागल की. तुमच्या डोस्क्याला लावायला देते."

एक काका तर रिकामी बाटली घेऊनच आले होते. मी त्यांना म्हटलं, "काका, रॉकेल की पेट्रोल?" ते गंभीरपणे म्हणाले, "डिझेल बरं पडंल. टॅक्टरला."

यंत्र लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं होतं. मनगटाएवढं जाड, माझ्या दुप्पट लांब, चकचकीत नळकांडं. खाली सोडायच्या आधी त्याच्या पोटातलं होकायंत्र तपासावं लागतं. भिंतीचं चित्र कितीही सुरेख आलं तरी उत्तर दिशा चुकली तर ते चित्र कुठल्या बाजूचं, हेच कळत नाही. म्हणून गाडी लांब उभी केलेली. ऋतूनं सगळ्यांना दटावलं, "मोबाईल, किल्ल्या, कोयता, लोखंडाचं काहीही असेल ते बाजूला ठेवा." मी आज्ञाधारकपणे मोबाईल दिला, केसांतले आकडेसुद्धा काढून दिले आणि यंत्राच्या अगदी कडेला, सावलीत, प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. माझ्यासारखी शहाणी बाई अजून कुणी पाहिली नसेल.

ऋतूनं यंत्र फिरवलं, हातातल्या होकायंत्राशी ताडून पाहिलं. जुळेना. पुन्हा फिरवलं. कधी दहा अंश चूक, कधी तीस. दर वेळी वेगळी. सलीमभाईंनी तार काढून पुन्हा जोडली. तासभर हाच खेळ. ऋतूचा चेहरा उतरत गेला.

"आतलं होकायंत्र बिघडलंय," ती शेवटी म्हणाली. "गाडीत धक्का बसला असेल. दुसरं यंत्र गुजरातहून यायला आठवडा लागेल."

"अन् आठवड्यात भोक ऱ्हातंय का?" शेवंतानं विचारलं.

सलीमभाई तार गुंडाळायला लागले.

"म्हंजी न्हाई कळनार."

ती रागावली नाही, तेच वाईट होतं. पदर खोचला आणि धारेची वेळ झाली म्हणून गोठ्याकडं गेली. संध्याकाळी आम्ही निलंग्याला माझ्या भावाकडं मुक्कामाला गेलो. ऋतू गाडीत एक शब्द बोलली नाही. मीही नाही, आणि माझ्या बाबतीत ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

येळवस

सकाळी भाऊ-वहिनी डोक्यावर आंबिलाची बिंदगी, म्हणजे मातीचा घडा, घेऊन आपल्या रानात निघाले. आम्हाला खूप ओढलं. पण ऋतू म्हणाली, "एकदा शेवटचं तपासून बघते," आणि मला शेवंताचं निमंत्रण होतं. सलीमभाई सुट्टीच्या दिवशीही हजर. "घरवाली बोली, येळवसचं जेवण जिथं मिळंल तिथं जा," म्हणे.

रस्त्यानं प्रत्येक रानात कडब्याची कोप म्हणजे छोटी झोपडी, धूर, माणसं, लुगड्यांचे रंग. गाडी दिसली की कुणीतरी हात करून ओरडायचं, "ओ पावनं, जेवून जा!" ओळख ना पाळख. नांदेडला मी तीस वर्षं राहते, शेजारच्या बंगल्यात अजून चहाला बोलावलेलं नाही.

शेवंतानंही कोप घातली होती. शेजारच्या रानात चुन्यानं रंगवलेल्या पाच दगडांची पूजा चालली होती. तिच्या कोपीत तसलं काही नव्हतं. "आमी पुजा न्हाई करत, मावशी. पन रान तर आमचं बी हाय. जेवायला कामून सोडावं?" घोंगडीवर पान मांडलं. भज्जी म्हणजे सगळ्या डाळी, ओले दाणे, पालेभाज्या, चिंच, बेसन असं एकत्र शिजवलेलं अमृत. सोबत बाजरीचे उंडे, खीर आणि मातीच्या माठातलं गार आंबिल, ताकातलं, लसणाच्या वासाचं. मी इतकी जेवले की उठताना शेवंतानं एका हाताला धरलं आणि शेजारणीनं दुसऱ्या.

ऋतू जेवायला आलीच नाही. ती आणि सलीमभाई रानाच्या दुसऱ्या टोकाला यंत्रापाशी. शेवंतानं डबा भरला. "पोरगी उपाशी ऱ्हायली की आकडे चुकत्यात," म्हणाली. डबा प्लास्टिकचा, मी खात्री करून घेतली. आणि निघाले.

लांबूनच ऋतूचा आवाज आला. "जुळलं! आज्जी, जुळलं! चारही दिशांना बरोबर दाखवतंय. काल काय झालं होतं देव जाणे!"

मी लगबगीनं गेले, माझ्या स्टुलावर बसले, डबा उघडला. ऋतूनं घास घेत एकदा शेवटचं फिरवून पाहिलं आणि घास तसाच तोंडात राहिला. पुन्हा वीस अंश चूक.

सलीमभाई उठून जवळ आले. त्यांनी दाढी खाजवली. माझ्याकडं पाहिलं, यंत्राकडं पाहिलं. "अम्मा, जरा तुरीपर्यंत चालून येता का?"

गेले. "बरोबर दाखवतंय," ऋतू ओरडली. परत आले. चुकलं. पुन्हा तुरीपर्यंत गेले, जुळलं.

"मॅडम," सलीमभाई अत्यंत आदरानं म्हणाले, "अम्मा आल्या की उत्तर फिरतंय."

ऋतू कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. "आज्जी. अंगावर काय आहे?"

आता दुसरी कबुली. गुडघेदुखीवर मी नांदेडच्या एका प्रदर्शनातून पट्टा आणला होता. आत सहा गोल चुंबकं. विकणारा म्हणाला होता, रक्त खेचून घेतं. ऋतूला हे असले उपचार आवडत नाहीत, म्हणून मी तो साडीखाली लपवून बांधायची. ऐन तिशीत मी बायकांच्या दंडातले ताईत बघून नाकं मुरडली होती आणि आता सत्तरीला सहा चुंबकं गुडघ्याला बांधून, जगातल्या सगळ्यात नाजूक होकायंत्राला गुडघा टेकवून दोन दिवस बसले होते. भूगोलाची शिक्षिका! 'चुंबकसूचीजवळ चुंबक नेल्यास काय होते?' हा प्रश्न मी दरवर्षी परीक्षेत घालायची.

"लोखंड म्हणाली होतीस," मी म्हटलं. "हे औषध आहे."

ऋतूला हसावं की रडावं कळेना. सलीमभाई तुरीत जाऊन हसून आले. शेवंता धावत आली, पट्टा हातात घेतला, तिच्या विळ्याला तो टक्कन चिकटला, आणि ती जी हसायला लागली! "मावशी, तुमी तर उत्तर दिशाच गुडग्यात घालून फिरून राहिल्या!" पट्टा रानाच्या दुसऱ्या टोकाला कोपीत ठेवायला गेला. शेजारणीनं तो लगेच आपल्या गुडघ्याला बांधून घेतला. मी परत मागितला नाही.

यंत्र खाली निघालं. सलीमभाईंची दोन बोटं तारेवर. ऐकू येत होती फक्त चाकाची कुरकुर आणि लांबून येळवशीचा गलबला. एका ठिकाणी तार सैल पडली. सलीमभाईंचा हात थांबला. तिथंच दगड सुटत होते. यंत्र अडकलं असतं तर चित्रही गेलं आणि यंत्रही. शेवंता माझ्या शेजारी उभी होती, तिनं माझं मनगट धरलं, तिला ते कळलंही नसावं. सलीमभाईंनी हातभर वर घेतलं, थांबले, पुन्हा सोडलं, एखाद्या झोपलेल्या लेकराला कूस बदलवावी तसं. तार ताठ झाली. "गेलं," ते म्हणाले. तळापर्यंत गेलं आणि मग हळूहळू वर येताना चित्र काढत आलं.

संगणकावर भिंत उमटायला लागली. नळकांड्याची साल काढून पसरावी तशी. पिवळ्या-तपकिरी रंगाची. काळा दगड संपला, खालचा जुना दगड सुरू झाला, आणि काही वेळानं दोन काळपट पट्टे दिसले. समोरासमोर, वेडेवाकडे, कडा कुरतडल्यासारखे. कपच्या उडालेल्या जागा. मी स्टूल पुढं ओढलं. हत्तीच्या पोटात काय असतं ते पहिल्यांदा पाहत होते.

"पट्टे लातूरच्या आणि समोर बिदरच्या बाजूला," ऋतू म्हणाली. "म्हणजे दाब त्याला आडवा." तिनं उठून हात लांब केले. एक हात नांदेडकडं, एक निलंग्याकडं.

"म्हणजे माझं सासर आणि माझं माहेर," मी म्हटलं. "मला विचारलं असतं तर भोक न पाडता सांगितलं असतं."

सगळे हसले. शेवंता हसली नाही. तिनं विचारलं, "पन दाबतंय कोन?"

ऋतू तिच्यासमोर मातीत बसली. "कुणी नाही, ताई. नांदेडचा दोष नाही, निलंग्याचा नाही. आपला अख्खा देशच उत्तरेकडं सरकतोय, वर हिमालय अडतो, तो दाब इथल्या खडकापर्यंत येतो. पुढचा भूकंप कधी, हे या चित्रात नसतं, ते मी सांगू शकत नाही. कुणालाच सांगता येत नाही."

"अन् मागचा? त्यो कवापासनं दाबत हुता?"

"लाखो वर्षांपासून. तुमच्या-माझ्या जन्माच्या, माणूस जन्माला यायच्याही आधीपासून साठत आलेला. त्या पहाटे फक्त सुटला."

शेवंतानं पदर सारखा केला. मग बांधाकडं गेली आणि आमच्याकडं पाठ करून बसली. आम्ही तार गुंडाळली, यंत्र पुसलं. तिला हाक मारावी असं कुणालाच वाटलं नाही.

निलंगा, आणि परत

तिसऱ्या दिवशी सकाळी ऋतूला शेवंतासाठी चित्र छापून हवं होतं. निलंग्याच्या झेरॉक्सवाल्यानं लांबलचक कागद हातात घेऊन डोळे बारीक केले. "लई झिजलाय मनका. कुनाचा एमआरआय हाय?" ऋतू म्हणाली, "सगळ्यांचाच." तो म्हणाला, "मंग सगळ्यांनाच लातूरला दाखवा."

निलंगा राईस खाऊनच निघालो. मोठ्या कढईतला पिवळाधमक भात, वर मिरची, हातगाड्यापाशी उभं राहून. माझ्या काळी हा नव्हता, किंवा असेल तर मी 'बाहेरचं खात नाही' या थाटात शेजारून गेले असेन. आणखी एक हुकलेलं जेवण.

शेवंता रस्त्यापर्यंत आली होती, पदराच्या ओट्यात हरभऱ्याची डहाळी. ऋतूनं कागद दिला. तिनं दोन्ही हातांनी घेतला, उलगडला, दोन काळ्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. सलीमभाईंना तिनं भज्जीचा डबा दिला, ऋतूच्या डोक्यावरून हात फिरवला. मी तिचे आभार मानायला तोंड उघडलं. भाकरीबद्दल, आंबिलाबद्दल, पट्ट्यासाठी रागावली नाही त्याबद्दल, मला पोटभर हसू दिलं त्याबद्दल. तिनं मला बोलूच दिलं नाही. गाडीच्या दारापासून बाजूला घेतलं, आणि जे बोलली ते मी गाडीत बसल्याबसल्या लिहून घेतलं, एक शब्द इकडचा तिकडं केलेला नाही:

"मावशी, त्या सांजच्याला गणपतीची मिरवनूक हुती. आई मला जाऊ देईना. मी रुसले, अन् अंगनात दोनी पाय जिमिनीवर आपटले, लई जोरात, आपटतच ऱ्हायले. मंग तितंच निजले, अन् पाटं जिमीन हालली, अंगनात हुते म्हनून वाचले. नऊ वर्साची हुते, पाय आपटल्यालं कुनाला बोलले न्हाई, नवऱ्याला बी न्हाई. काल ऋतूताई म्हनल्या ना, लाखो वर्सांपासनं म्हनून, तवा मला उभं ऱ्हावंना, म्हनून बांदावर जाऊन बसले. तुमी जावा आता, उशीर होऊन राहिला. मी आज आईच्या नावानं गोड करून राहिले, पयल्यांदा."